बिनहाताचा माल

माझ्या दादाला साइटवर सगळे भुंगा म्हणायचे. काँक्रीट ओतलं की त्यात व्हायब्रेटरची नीडल खुपसायची, माल थरथरवून अडकलेली हवा बाहेर काढायची आणि नीडल हळूच वर घ्यायची, हे त्याचं एकतीस वर्षांचं काम. मशीन दिवसभर गुणगुणायचं म्हणून भुंगा. त्या थरथरीने त्याची बोटं गेली. थंडीत ती पांढरीफटक पडायची, शर्टाचं वरचं बटण लावता यायचं नाही, आणि मी लावायला गेले की म्हणायचा, "राहू दे गं, मोकळा गळा शोभतो मला." त्या बोटांच्या कमाईवर माझा डिप्लोमा झाला. आई-बाप लवकर गेले, तो माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा, त्याने मला शिकवलं. शिकून मी काय दिवे लावले? ज्याला व्हायब्रेटर लागतच नाही असं काँक्रीट तयार केलं.

आमची कंपनी पाणी शुद्ध करायच्या केंद्रात एक नवी टाकी बांधत होती. टाकीची भिंत पाच मीटर उंच, आणि आत लोखंड इतकं दाट की मनगट घालावं तर अडकावं. नीडल जाणार कुठून? म्हणून आपोआप बसणारा माल हवा होता. ओतला की स्वतःच वाहत जाऊन कानाकोपरा भरेल असा. मी लॅबमध्ये होते, मिश्रण ठरवणं माझं काम. मी एक तृतीयांश सिमेंट काढलं आणि त्या जागी वीज केंद्राच्या धुराड्यातून मिळणारी राख घातली. सूक्ष्मदर्शकाखाली ती राख म्हणजे बारीक बारीक गोळ्या दिसतात, आणि त्या गोळ्यांवरून सगळा माल घरंगळत जातो. वर राखेचा माल तापतो कमी, म्हणजे जाड भिंतीला तडे जात नाहीत. सगळं चांगलं, एक खोड सोडून. राखेचा माल आळशी असतो, लवकर घट्ट होत नाही. चार तासांनीही तळाचा थर ओलाच असतो. मात्र त्याला कोणी डिवचलं नाही तर तो विरजणासारखा धरतो आणि फळ्यांवरचा रेटा कमी होतो. डिवचलं तर त्याचं पुन्हा पाणी होतं आणि वरपासून खालपर्यंत सगळा भार फळ्यांवर येतो. हे मला परीक्षेतल्या उत्तरासारखं पाठ होतं.

पहिली चाचणी सगळ्यांसमोर घेतली. लोखंडी पत्र्यावर उलटा शंकू ठेवला, त्यात माल भरला आणि शंकू वर उचलला. माल कोणी हात न लावता पसरत गेला, चांगलं सातशे मिलिमीटरचं गोल झालं. मी टेप लावून मापलं आणि मनात फुगले. खोटं कशाला बोलू?

"पोरी, हे काँक्रीट आहे की उतू गेलेलं दूध?" मिस्त्रीने विचारलं.

मिस्त्री म्हणजे शटरिंगचा सुतार. भिंतीच्या दोन्ही बाजूंना फळ्या उभ्या करून त्या आवळून धरायच्या, म्हणजे मधे माल ओतता येतो, हे त्याचं काम. तो आणि दादा ज्या साइटवर गेले त्या साइटवर जोडीनेच गेले. जेवायचे एका डब्यात आणि भांडायचे सख्ख्या भावांसारखे.

दादा मागे उभा होता. "जरा हात लावून बघू का?" तो म्हणाला.

"नाही लावायचा," मी म्हणाले.

"जावई आहे बाबा हा," मिस्त्री हसत म्हणाला, "आपोआप येणार, आपोआप पसरणार. आपण हात बांधून बघत राहायचं." सगळे खो खो हसले. दादाही हसला, पण त्याचं हसू सगळ्यांच्या आधी संपलं. ते मी पाहिलं आणि टेप गुंडाळायला लागले.

भिंत ओतायच्या आदल्या दिवशी ऑफिसात बैठक झाली. आमच्याकडे रीत अशी की, ज्याचं नाव ओतकामाच्या यादीत त्यालाच बैठकीला बोलवायचं. पंपवाला होता, मिस्त्री आणि त्याची चार माणसं होती, मॅनेजर होते. दादाचं नाव यादीत नव्हतं, कारण यादीत व्हायब्रेटरच नव्हता. मी मुद्दे वाचत गेले. तासाला एक मीटर, त्याहून भराभर ओतायचं नाही. मिस्त्री म्हणाला, "त्या हिशोबानेच बांधलंय, खडूने खुणाही केल्यात. एक बोट वर गेलं तर पंप बंद करायला लावीन." पुढचा मुद्दा व्हायब्रेटरचा होता. मिस्त्रीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. तो नुसता पाहत होता, आणि मला त्याच्या जागी दादा दिसायला लागला. मी म्हणाले, "व्हायब्रेटर लागणार नाही," आणि पान उलटलं.

नीडल घातली तर शटरिंग फुटेल. पाच शब्द होते. ते म्हणायचे म्हणजे दादाच्या दोस्तासमोर सांगायचं की आता दादाचा हात नुसता बिनकामाचा नाही, घातकी आहे. माझी जीभ रेटली नाही. संध्याकाळी घरी दादाला म्हणाले, "उद्या तुला पाण्याच्या पाइपवर ठेवलंय. मालाच्या गाड्या धुवायच्या, फळ्या ओल्या ठेवायच्या."

"म्हणजे माळी झालो," तो म्हणाला. मी हसले. मला वाटलं, चला, सहज झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पंप सुरू झाला. मी गेटवर होते, येणाऱ्या प्रत्येक गाडीतला माल पत्र्यावर पसरवून मापत होते. साडेदहाला खालून निरोप आला की साडेतीन मीटर भरलं, सगळं झकास. मॅनेजरनी मला लांबूनच अंगठा दाखवला. त्यानंतर पाच-दहा मिनिटं गेली असतील. टक् असा आवाज झाला. मग लागोपाठ टक् टक् टक्, आणि मग ओल्या मालाचा लोंढा जमिनीवर आदळला.

मी धावत पोहोचले तेव्हा भिंतीच्या एका टोकाला फळ्या पसरल्या होत्या आणि माल अजून वाहत होता. फळ्या फुटल्या तेव्हा मिस्त्री खालीच, त्यांच्यापाशी उभा होता. तो कुठे आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणालाच दिसत नव्हतं. माणसांनी फावडी मारली. एक फावडं माल काढावा तर तेवढाच पुन्हा खड्ड्यात येत होता. कुठल्याही दुसऱ्या काँक्रीटचा तो निदान ढीग झाला असता, खड्ड्याच्या कडा उभ्या राहिल्या असत्या. हा पसरत होता, कानाकोपरा भरत होता. मी त्याला तसंच शिकवलं होतं. दादा फावडं टाकून गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी उपसायला लागला. मधेच थांबून मला म्हणाला, "चिमणे, माझ्या हाताला काही लागतंय का बघ गं. मला कळत नाहीये." त्याच्या हाताला मिस्त्रीचा खांदा लागला होता.

बाहेर काढायला पस्तीस मिनिटं गेली. त्याचं तोंड धुतलं तेव्हा तोंडातही राखेचाच माल होता. ते मी विसरणार नाही, विसरायचा प्रयत्नही करणार नाही.

चौकशी लागली. चौकशी अधिकाऱ्यांनी जबाब घेतले ते यादीतल्या माणसांचे. दादा यादीत नव्हता, त्याला कोणी विचारलं नाही. आठवड्याभरात साइटवर एक वाक्य फिरायला लागलं: मिस्त्रीने टाय रॉड नीट आवळले नव्हते. टाय रॉड म्हणजे समोरासमोरच्या फळ्या एकमेकींना बांधून ठेवणाऱ्या सळया. ते वाक्य कोणी सोडलं, हे कोडं सोडवायला ज्योतिषी नको होता.

मी मॅनेजरच्या खोलीत गेले. "मिस्त्री असं काम करणारा नव्हता," मी म्हणाले.

"बसा," ते म्हणाले. "हे बघा मॅडम, भिंत फुटली तर दोनच कारणं. एक तर शटरिंग, नाही तर माल. शटरिंग त्याचं. माल तुमचा. तुम्ही सांगा कुठलं लिहू."

मी खुर्ची ओढली, पण बसले नाही.

"तो गेलाच आहे," ते जरा हळू म्हणाले, "त्याला आता काय फरक पडतो?"

त्याला पडत नसेल. त्याच्या बायकोला, वहिनींना, पडत होता. त्यांची दोन्ही मुलं बापाच्याच हाताखाली शटरिंग शिकलेली. थोरला दुसऱ्या साइटवर कामाला गेला तर तिथल्या मुकादमाने सांगितलं, तुमच्या घरचं शटरिंग फुटतं, आमच्याकडे नको. धाकट्याला तर कोणी उभंही करेना. आमच्या धंद्यात कामाचा दाखला म्हणजे बापाचं नाव, आणि त्या नावावर डांबर ओतलं जात होतं. दादा रोज संध्याकाळी वहिनींकडे जाऊन बसायचा. त्या त्याला म्हणायच्या, "भावोजी, तुम्ही तर बरोबर होतात. सांगा ना लोकांना, त्यांचा हात असा ढिला नव्हता." दादा सांगायचा. पण भुंग्याचं कोण ऐकतो?

मी तुटलेले टाय रॉड पाहायला गेले. ते गोदामात एका कोपऱ्यात फेकले होते. उचलून एक एक पाहिला. नट जागच्या जागी, आटे शाबूत, आणि सळई मधोमध ताणून बारीक होत तुटलेली. ढिला रॉड असा तुटत नाही. ढिला रॉड सुटतो. मिस्त्रीने आवळले होते, पुरेपूर आवळले होते, आणि तासाला एक मीटरच्या हिशोबात कधीच येणार नाही असा भार त्यांच्यावर आला होता. तो आला कुठून?

मग मी उरलेल्या भिंतीचा कोअर काढला. भिंतीत यंत्राने वरून खाली भोक पाडून एक लांब दांडा काढायचा, म्हणजे आत काय झालंय ते दिसतं. राखेचा माल असल्यामुळे तो पुरता घट्ट व्हायची वाट पाहत बसावं लागलं. भिंतीच्या मधला कोअर छान होता, खडी वरपासून खालपर्यंत सारखी पसरलेली. मग फुटलेल्या टोकापासून हातभर अंतरावर एक काढला. त्यात वरची वीतभर नुसती करडी लापशी, खडीचा एक दाणा नाही. सगळी खडी खाली जाऊन बसलेली. असं एकाच गोष्टीने होतं. मी तो दांडा टेबलावर ठेवला आणि लॅबचं दार आतून लावून घेतलं. साइटवर नीडल एकाच माणसाच्या हातात असायची.

संध्याकाळी घरी गेले तेव्हा दादा नुकताच वहिनींकडून आला होता, चपला काढत होता. मी चहा टाकला नाही, काही नाही, उभ्या उभ्याच विचारलं.

"दादा, त्या दिवशी नीडल घातली होतीस?"

"घातली होती की," तो सहज म्हणाला. "टोकाला. दहा-बारा आकडे मोजले असतील. का गं?"

मग तोच पुढे म्हणाला, "मला तर वाटतं लवकर काढली. अजून जरा ठेवली असती तर माल नीट बसला असता, भिंत राहिली असती. रोज रात्री तेच मनात येतं."

त्याला माहीत नव्हतं. दहा दिवस हा माणूस मित्राच्या बायकोसमोर बसत होता आणि त्याला माहीतच नव्हतं. मी तिथेच थांबू शकले असते. कोअरचा दांडा फोडून खडीच्या ढिगात टाकायला मला पाच मिनिटं लागली असती. दादा मरेपर्यंत समजत राहिला असता की त्याने वाचवायचा प्रयत्न केला. आणि मिस्त्रीची मुलं दारोदार हिंडत राहिली असती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर संन्यासी आधीच मेला होता. मी दादाच्या समोर बसले आणि सगळं सांगितलं. राख, तळाचा ओला थर, डिवचलं की होणारं पाणी, ताणून तुटलेले रॉड.

त्याने मधे एकदाच विचारलं, "म्हणजे साडेतीनच्या साडेतीन मीटर एकदम?"

"हो."

त्याने काढलेल्या चपला भिंतीशी सरळ लावल्या. मग म्हणाला, "त्यानेच बोलावलं होतं मला."

"कोणी?"

"मिस्त्रीने. आमची पद्धत आहे ना. तो खालून हातोडीने फळ्या वाजवत जायचा. जिथे पोकळ लागेल तिथे तीन ठोके मारायचा, आणि मी वरून तिथे नीडल घालायचो. त्या दिवशी मी वर पाइप धरून उभा, मशीन सवयीने नेऊन शेजारी ठेवलेलं. खालून तीन ठोके आले. मी वाकून पाहिलं तर तो माझ्याकडे बघून हसत होता. म्हणाला, 'अरे ये की भुंग्या, नुसता काय उभा?'" दादाने हाताने तोंड पुसलं. "पोकळबिकळ काही नव्हतं तिथे. त्यालाही ठाऊक होतं. मी नुसता उभा होतो ना, ते त्याला बघवलं नाही."

मला वाटलं आता मी किंचाळेन. तीन माणसं. एकाला दुसऱ्याची दया आली, दुसऱ्याला सवय होती, आणि तिसरीला, जिला सगळं पाठ होतं, तिला लाज वाटली.

"तुला हे आधीपासून माहीत होतं?" त्याने विचारलं. "हलवलं की पाणी होतं ते?"

"हो."

"त्याला सांगितलं होतंस?"

"नाही. लागणार नाही एवढंच म्हणाले."

"आणि मला?"

"तुला वाईट वाटेल म्हणून..."

तो चिडला असता, त्याने माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. लहानपणी गणितं चुकली की मारायचा. आता तो नुसता "बरं" म्हणाला, आणि त्या "बरं"ची मला इतकी भीती वाटली की मी त्याचे गुडघे धरले.

"लिही," तो म्हणाला. "रॉड चांगले होते, नीडल घातली म्हणून फुटलं, मी घातली, सगळं लिही. फक्त ठोक्यांचं लिहू नको."

"का? तू आपण होऊन नाही घातलीस दादा. त्याने बोलावलं म्हणून..."

"तेच म्हणतोय मी. ते लिहिलंस की म्हणतील, बघा, मिस्त्रीनेच बोलावलं, मिस्त्रीचीच चूक. खापर फिरून त्याच्याच डोक्यावर. पोरं परत घरी बसतील."

"मग सगळं तुझ्या एकट्यावर येईल."

"एकट्यावर कसं?" तो माझ्याकडे बघत म्हणाला. "तुझ्यावर पण येईल." त्यात टोमणा नव्हता. खरं तेच तो म्हणाला होता.

चार दिवसांनी ऑफिसातच सुनावणी झाली. टेबलामागे चौकशी अधिकारी, शेजारी मॅनेजर, भिंतीला लागून बाकावर वहिनी आणि त्यांची दोन मुलं. दादा दारापाशी उभा होता, बस म्हटलं तरी बसला नाही. मी टेबलावर दोन्ही कोअर मांडले, रॉड मांडले आणि अहवाल वाचला. शटरिंग पुरेसं आणि नीट आवळलेलं होतं. माल नियमाप्रमाणे होता. ओतकाम चालू असताना व्हायब्रेटर वापरला गेला, त्यामुळे शटरिंग फुटलं. व्हायब्रेटरने हा धोका होतो याची सूचना कोणालाच दिली गेली नव्हती आणि ती देण्याची जबाबदारी माझी होती. मॅनेजर खुर्चीतल्या खुर्चीत पुढे आले, काहीतरी बोलायला गेले, अधिकाऱ्यांनी हातानेच त्यांना थांबवलं.

थोरल्या मुलाने डोळे मिटून घेतले होते. मी "नीट आवळलेलं होतं" असं वाचलं तेव्हा ते उघडून त्याने धाकट्याकडे पाहिलं. त्या एका गोष्टीसाठी मी तो कागद पुन्हा शंभरदा वाचला असता.

"धोका माहीत असून तुम्ही सांगितला नाही?" अधिकाऱ्यांनी मला विचारलं.

"नाही सांगितला."

त्यांनी लिहून घेतलं. मग दाराकडे पाहिलं. "व्हायब्रेटर तुम्ही चालवला?"

"हो साहेब."

"कोणी सांगितलं होतं?"

मी दादाकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

"कोणी नाही साहेब," तो म्हणाला. "माझ्याच मनाने घातली. सवय."

वहिनी उठल्या. मुलाने त्यांचा हात धरायला पाहिलं, त्यांनी तो सोडवून घेतला आणि त्या दादाच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. इतके दिवस हा माणूस रोज येऊन त्यांच्या घरात बसला होता, त्याचा चेहरा त्या पहिल्यांदाच पाहत असल्यासारख्या पाहत होत्या.

"भावोजी," त्या म्हणाल्या, "मन म्हणालं तरी हाक मारून एकदा त्यांना विचारायचं होतंत. ते खालीच तर उभे होते."

मी तोंड उघडलं. दादाने तेवढ्यात माझ्याकडे पाहिलं, आणि मी ते मिटलं.

"चुकलं, वहिनी," तो म्हणाला.